नंजुंडय्यांचं ‘हो, खरं आहे’

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमात नंजुंडय्यांना वादात हरवलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नव्हता. ते तापट होते म्हणावं तर तसंही नव्हतं. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, हातवारे नाहीत की शिवी नाही. उभी हयात रेल्वेच्या कारखान्यात फोरमनकी केलेली, त्यामुळे समोरच्याचं बोलणं यंत्रासारखं ऐकायची सवय लागली होती. कुठे काही ढिलं खडखडलं की तिथेच पाना लावायचा. सकाळी वर्तमानपत्राशी सुरुवात व्हायची, मग भाजीवाल्याशी, आणि संध्याकाळी देवळात प्रदोष नेमका किती वाजता सुरू होतो यावरून अर्चकांशी. अर्चक तर बिचारे त्यांना लांबून येताना पाहिलं की घंटा जोरजोरात वाजवायला लागायचे.

त्यांच्या बायकोने, सर्वमंगलम्मांनी, लग्नाच्या पहिल्याच वर्षी वाद घालणं सोडून दिलं होतं. हरून नव्हे. वाद जिंकला की नवरा समाधानाने आरामखुर्चीत पडतो, आणि आपण नेमकं काय जिंकलो ते तासाभरात विसरतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. तेवढ्या वेळात बाईला हवं ते करता येतं. मुलीला वसतिगृहात ठेवून शिकवणं, गाय विकणं, दारापुढची दोन नारळाची झाडं काढणं, या सगळ्या गोष्टी नंजुंडय्यांनी चोख वाद जिंकल्यानंतरच घडल्या होत्या.

घर विकायचंही तसंच ठरलं. बाईंचे गुडघे बोलायला लागले होते. जोतं उंच, अंगण मोठं, आणि फणसाची पानं रोज टोपलीभर पडायची. धाकट्या बहिणीच्या शेजारी विजयनगरात तळमजल्यावरचा एक फ्लॅट त्यांच्या मनात भरला होता. राहतं घर विकणं हा कसा मूर्खपणा आहे हे नंजुंडय्यांनी जेवताना सविस्तर सिद्ध केलं. बाईंनी मान डोलावली, ताक वाढलं, आणि पुढच्या आठवड्यात दोघं फ्लॅट बघायला गेली. तिथल्या बिल्डरला त्याच्या भिंती किती पातळ आहेत हे पटवून देताना नंजुंडय्या इतके रमले की परत येताना म्हणाले, “जागा तशी वाईट नाही.”

अडचण आली ती घर विकताना. हे घर त्यांनी स्वतः बांधलं होतं. नकाशा त्यांचा, मोजमापं त्यांची, रजा काढून गवंड्याच्या डोक्यावर उभे राहिलेलेही तेच. तेव्हा घरात जे काही कमी-जास्त होतं ते त्यांच्याच हातचं होतं, आणि त्यांच्या मते कमी काहीच नव्हतं. हॉलमध्ये उजेड कमी? डोळ्यांना गारवा हवा म्हणून. झोपायच्या खोलीचं दार पावसाळ्यात अडतं? अस्सल लाकूड पाणी पितंच. स्वयंपाकाचा ओटा उंच? त्याने पाठ वाकत नाही. ओट्याचं कारण ऐकणारी बाई त्यांच्या खांद्यापर्यंत येत होती, पण तिची पाठ खरंच वाकली नव्हती हेही मान्य करायला हवं. खांदे तेवढे दुखायचे.

गिऱ्हाइकं आणणारा एजंट होता मादेश. कपाळावर चढवलेला काळा चष्मा, पांढरी स्कूटर, आणि शर्टाच्या खिशात सदा गुरगुरणारा फोन. आपली दलाली तो घेणाऱ्याकडून घ्यायचा, म्हणजे माणूस घेणाऱ्याचाच. त्याला फार बोलावंच लागायचं नाही. तो भिंतीसमोर उभा राहायचा, भिंतीकडे बघायचा, आणि जीभ टाळूला लावून ‘च्च’ करायचा. बस्स. त्या एका आवाजाने भल्याभल्या मालकांनी सांगितलेली किंमत आपोआप खाली यायची.

नंजुंडय्यांची किंमत खाली आली नाही. पहिल्या गिऱ्हाइकाला, एका निवृत्त प्राध्यापकाला, हॉल अंधारा वाटला. नंजुंडय्यांनी त्याला नेत्रतज्ज्ञाचा पत्ता लिहून दिला. दुसरा एक कंत्राटदार होता, तो बोटांच्या पेरांनी भिंती वाजवत फिरला. वाजवण्याचा एवढाच शौक असेल तर मृदंग शिका, असं त्याला सांगण्यात आलं. दोघंही कॉफी न घेता गेले, आणि म्हैसुरात कॉफी न घेता जाणं म्हणजे काय ते तिथल्या माणसालाच कळेल.

मग आले रघुनंदन आणि चैत्रा. बंगळूरची जोडी, दोघंही संगणकावर नोकरी करणारी, तिथल्या गर्दीला कंटाळून म्हैसुरात घर शोधत होती. घर त्यांना पहिल्याच दिवशी आवडलं होतं, पण आवडलं असं दाखवायचं नाही हे मादेशने गाडीतच बजावलेलं. त्यामुळे ती दोघं परत परत यायची, आणि प्रत्येक वेळी काहीतरी नवं खुपायचं.

रघुनंदनच्या फोनमध्ये सगळी हत्यारं होती. दिशा दाखवणारं, उजेड मोजणारं, जमीन सपाट आहे की नाही ते सांगणारं. तो फोन जमिनीवर ठेवायचा, गुडघ्यावर बसून त्यात बघायचा आणि मादेशकडे मान वळवायचा. मादेश ‘च्च’ करायचा. चैत्राची तऱ्हा निराळी. ती घरातले सगळे नळ उघडायची आणि दुसऱ्या खोलीत निघून जायची. शेजाऱ्यांच्या आंब्याची फांदी छाटून मिळेल का, लाकडी कपाट घराबरोबरच राहील ना, आणि जायच्या आधी तुम्ही भिंतींना फिका रंग देऊन जाल का, असं ती इतक्या गोड आवाजात विचारायची की सर्वमंगलम्मा ‘हो’ म्हणायच्या बेताला येत. मग आतून नंजुंडय्या खाकरत.

एकदा ही मंडळी बरोबर जेवणाच्या वेळेला आली. बाईंनी ताटं मांडली, हुळी-भात म्हणजे तिथला आमटी-भात वाढला, पोरांनी पोटभर खाल्लं, आणि हात धुताना रघुनंदनने बाथरूमच्या फरशीवर फोन ठेवला.

“अंकल, उतार उलटा आहे. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येणार.”

नंजुंडय्यांनी बादली भरली आणि फरशीवर ओतली. पाणी क्षणभर जागच्या जागी थबकलं, विचार केल्यासारखं. मग निवांतपणे वळलं, उंबऱ्यावरून उतरलं आणि रघुनंदनच्या पायमोज्यांत शिरलं.

“जाळीकडेच निघालं होतं,” नंजुंडय्या म्हणाले. “तुम्ही उभे राहिलात म्हणून वळलं.”

त्यावर अर्धा तास चर्चा झाली. माणूस उभा राहिल्याने पाण्याची दिशा बदलते की नाही, यावर रघुनंदनने शाळेत शिकलेलं सगळं पणाला लावलं आणि तो हरला. ओले मोजे हातात धरून तो गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, अख्खं सरस्वतीपुरम झोपलेलं असताना, मादेशचा फोन आला. पार्टीला घर पसंत होतं, पण इतक्या दुरुस्त्या काढायच्या म्हणजे किंमत बरीच उतरायला हवी, असं त्याचं म्हणणं. त्याने सांगितलेला आकडा ऐकून नंजुंडय्यांनी त्याला विचारलं, की घराबरोबर आम्हा दोघांनाही फुकट ठेवून घेणार आहात का. आणि फोन ठेवून दिला.

सर्वमंगलम्मा पायरीवर बसून घेवडा सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. शेंगा संपल्या तेव्हा सालं गोळा करत म्हणाल्या, “ती मंडळी रविवारी येणार आहेत. मी बोलावलंय.”

“कशाला? परत हरायला?”

“अहो, तुम्ही सगळ्यांना हरवलंत. आता आणखी दहा जणांना हरवाल, आणि आपण दोघं इथेच राहू. मी ही पायरी उतरताना कठड्याला धरून उभी असेन आणि तुम्ही जिंकलेले असाल.”

नंजुंडय्यांनी यात ढिलं काय आहे ते शोधून पाहिलं. सापडेना.

“मग काय करू म्हणतेस?”

“रविवारची एक सकाळ. ते जे म्हणतील त्याला तुम्ही एवढंच म्हणायचं, ‘हो, खरं आहे.’ दुसरा शब्द नाही.”

“ते हत्तीला उंदीर म्हणाले तर?”

“तरी.”

“हे काय मागणं झालं?”

“लग्न झाल्यापासून मी तुमच्याकडे दोनच गोष्टी मागितल्या,” बाई म्हणाल्या. “एक बुटका ओटा, तो मिळाला नाही. ही दुसरी.”

त्या टोपली घेऊन आत गेल्या. त्या आठवड्यात नंजुंडय्या वर्तमानपत्राशीदेखील भांडले नाहीत म्हणे, सराव करत असावेत.

रविवारी सकाळी मंडळी आली ती तयारीनेच. रघुनंदनने या वेळी पायमोजे घातले नव्हते. नंजुंडय्या इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते, दाढ काढायला बसतात तसे. मादेश छताखाली उभा राहिला, सवयीने वर बघितलं, च्च केलं आणि म्हणाला, “सार, काही म्हणा, हॉल अंधाराच आहे.”

नंजुंडय्यांनी एकवार स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“हो,” ते म्हणाले. “खरं आहे.”

मादेशची जीभ टाळूला चिकटूनच राहिली. पुढे नेत्रतज्ज्ञ येणार, गारवा येणार, मग आपण हळूच किमतीवर यायचं, असा त्याचा हिशेब होता. पुढे काहीच येईना. तो जरा दबक्या आवाजात म्हणाला, की झोपायच्या खोलीचं दारही अडतं.

“हो, खरं आहे.”

“आणि सार, तो बाथरूमचा उतार...”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. नंजुंडय्यांनी रघुनंदनच्या उघड्या पावलांकडे पाहिलं.

“हो, खरं आहे,” ते म्हणाले. आणि मग, कुणी न विचारता, त्यांच्या तोंडून निघून गेलं, “पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. गवंडी म्हणाला, साहेब, उखडून परत करू. मी म्हटलं, उतार बरोबर आहे, पाणी चुकतंय.”

चैत्रा खुदकन हसली. रघुनंदन हसला नाही, पण त्याने फोन खिशात ठेवला.

पहिलं ‘हो’ नंजुंडय्यांना कारल्याच्या रसासारखं गेलं होतं. दुसरं जरा बरं गेलं. तिसऱ्यानंतर मात्र त्यांना काहीतरी विचित्रच वाटायला लागलं. इतकी वर्षं ते या घराचे वकील होते. पाहुणा आला की त्याची नजर कुठे जाते ते बघायचं, आणि तो बोलायच्या आत उत्तर तयार ठेवायचं. आता उत्तर ठेवायची गरजच उरली नव्हती. गच्च भरलेल्या बसमध्ये अचानक बसायला जागा मिळावी, तसं त्यांना हलकं वाटलं. ते खुर्चीतून उठले आणि स्वतःच पुढे झाले.

“या, इकडची खोली दाखवतो. उन्हाळ्यात ही तापते. दुपारी इथे पापड वाळवावेत, माणसाने झोपू नये. ही खिडकी मी उत्तरेला काढायला हवी होती. काढली पश्चिमेला, कारण उत्तरेला काढा असं मेहुणे म्हणाले होते.”

जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, तिथे मुलगी दोनदा पडली, हे त्यांनी सांगितलं. गच्चीच्या कोपऱ्यात पाणी साठतं तेही दाखवलं. मागच्या वर्षीचा रंग हलका मिळाला आणि पोपडे धरतील, हे भिंतीला नख लावून दाखवलं. मादेश मागून चालत होता. त्याचा चेहरा उतरत चालला होता, कारण दोषांची एवढी मोठी यादी त्याच्या कामाची नव्हती. त्याला किंमत पाडायची होती, सौदा नव्हे. पार्टी घाबरून गाडीत बसली असती तर दलालीही तिच्याबरोबर गेली असती.

म्हणून तो पुढे आला आणि खांबावर थाप मारून म्हणाला, “असं काय बोलता, सार. हे बांधकाम बघा. आजकाल असं कोण बांधतं? सगळ्या चौकटी सागवानी.”

“सगळ्या नाहीत,” नंजुंडय्या म्हणाले. “फक्त पुढच्या दाराची.”

“पण भिंती? दीड विटेच्या आहेत, मॅडम.”

“बाहेरच्या. आतल्या एकाच विटेच्या.”

“पाणी गोड आहे की नाही?”

“एप्रिलपर्यंत.”

मादेशने काळा चष्मा काढून हातात घेतला. “सार,” तो काकुळतीने म्हणाला, “तुम्ही घर विकायला बसलाय की पाडायला? माझ्या अख्ख्या धंद्यात मालकाशी घराच्या बाजूने भांडायची पाळी आली नव्हती.”

आता मात्र चैत्राही बोलली. तिच्या मते हॉल काही अंधारा नव्हता, पडदे जाड होते, आणि रघूला सगळीकडे उगाच खोट दिसते. रघुनंदन म्हणाला, की पहिल्या दिवशी गाडीत बसल्यावर हॉल अंधारा आहे असं तूच म्हणाली होतीस. ती दोघं तिथेच, दाराशी, हळू आवाजात जुंपली. नंजुंडय्या त्यांच्याकडे मोठ्या कौतुकाने बघत होते. मध्ये पडायची त्यांना फार इच्छा झाली होती, पण शब्द दिला होता.

भांडता भांडता सगळे स्वयंपाकघरात आले. सर्वमंगलम्मा पाठमोऱ्या उभ्या राहून कॉफीसाठी दूध तापवत होत्या. चैत्रा ओट्यापाशी उभी राहिली, हात वर ठेवून पाहिले आणि सहज म्हणाली, “आंटी, हा जरा उंच नाही का?”

बाई वळल्या नाहीत. नंजुंडय्या दाराशी होते. हॉल, दार, उतार, खिडकी, सगळं त्यांनी दिलं होतं, पण ओटा अजून राहिला होता. समोर बायकोचे खांदे दिसत होते, आणि भांडं उचलताना ती टाचा वर करते हे त्यांना आत्ता, परक्या माणसांच्या देखत, नव्याने दिसत होतं.

“हो, खरं आहे,” ते म्हणाले. “उंच आहे. मी माझ्या उंचीवर मोजला. तिने तेव्हाच सांगितलं होतं. चांगला वीतभर चुकलोय.”

दूध वर आलं आणि सर्रकन उतू गेलं. बाईंनी गॅस बंद केला, फडकं घेतलं, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “वीत कुठली? चार बोटं असेल. उगाच काहीतरी मोठं करून सांगायचं.”

“वीत आहे.”

“चार बोटं. सवय झाली की काही वाटत नाही, चैत्रा. मी इथे शंभर माणसांचा स्वयंपाक केलाय.”

कॉफी झाली. ती पीत असताना रघुनंदनच्या डोक्यात निराळंच चक्र चाललं होतं. जो माणूस परवापर्यंत एका फरशीसाठी अर्धा तास भांडत होता, तो आज आपणहून घराची लक्तरं काढतोय, याचा अर्थ काय? अर्थ एकच. याला घर आपल्याला द्यायचंच नाही. कोणीतरी जास्त देणारा भेटलाय, आणि आपण स्वतःहून निघून जावं अशी याची इच्छा आहे. त्याने पेला खाली ठेवला आणि सरळ विचारलं.

“अंकल, खरं सांगा. तुमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय ना?”

नंजुंडय्या पेचात सापडले. दुसरा शब्द वापरायचा नाही असं ठरलं होतं. ‘हो, खरं आहे’ म्हणावं तर ते धडधडीत खोटं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाई बशीत चकल्या मांडण्यात गढून गेल्या होत्या.

“नाही,” ते शेवटी म्हणाले. “कोणी नाही.”

रघुनंदनला सकाळपासून मिळालेलं ते पहिलंच ‘नाही’, आणि नेमकं तेच त्याला पटलं नाही. त्याने मादेशकडे पाहिलं. मादेशलाही पटलं नव्हतं. तिघं अंगणात फणसाखाली गेले. काय बोलणं झालं ते आत ऐकू आलं नाही, पण खिडकीतून मादेश दोन्ही हातांनी घराकडे दाखवत काहीतरी आवेशाने सांगताना दिसत होता, आणि एकदा तर त्याने स्वतःच भिंतीवर थाप मारून घेतली. परत आले तेव्हा नंजुंडय्यांनी पहिल्यापासून सांगितलेली किंमत कबूल होती. पुढचं दार रंगवून द्यायचं, एवढाच हट्ट चैत्राने ठेवला. इसार त्याच सकाळी दिला गेला. रघुनंदनने तो घाईघाईने हातात ठेवला, मागून कोणी पळत येत असल्यासारखा.

गाडी गेल्यावर नंजुंडय्या खुर्चीत टेकले.

“मी खोटं बोललो नाही,” ते म्हणाले.

“कोण म्हणतंय?” बाई म्हणाल्या.

म्हणून गिऱ्हाईक सुधारलं असं मात्र नाही. खरेदीखत होईपर्यंत रघुनंदनचे रोज फोन येत होते. मोटरचा कागद कुठे, गच्चीची किल्ली एकच का, फणस कापा जातीचा की बरका. चैत्राने लाकडी कपाट शेवटी मिळवलंच. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर नंबरची वाट बघताना मादेश हळूच नंजुंडय्यांच्या शेजारी सरकला. जयलक्ष्मीपुरममध्ये एक बंगला फार दिवस पडून होता, मालक नको तितका भांडकुदळ होता. सारांनी फक्त एक सकाळ येऊन त्याला दोन शब्द शिकवावेत, अशी त्याची विनंती होती, आणि येण्याजाण्याचा खर्च तो देणार होता. नंजुंडय्यांनी त्याला समजावून सांगितलं, की ते शब्द शिकून येत नाहीत, घरातून यावे लागतात. त्यावर मादेशने वाद घातला नाही.

किल्ल्या द्यायच्या आदल्या दिवशीच सामान विजयनगराला गेलं होतं. सकाळी दोघं उरलेल्या दोन पिशव्या घ्यायला आली. रिकामं घर बरंच मोठं दिसत होतं, आणि पडदे काढल्यामुळे हॉलमध्ये भरपूर ऊन आलं होतं. नंजुंडय्या प्रत्येक खोलीत जाऊन आले. त्यांना वाटलं होतं, जड जाईल. थोडं गेलंही. त्यांनी बाथरूमच्या फरशीवर हात फिरवला, मग उभं राहून धोतराला हात पुसले. बाई फाटकाशी शेजारणीशी बोलत होत्या, डोळे पुसत होत्या आणि त्याच वेळी नव्या घरी पायरी एकच असल्याचं सांगत होत्या.

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. विजयनगर म्हटल्यावर चालकाने मीटरकडे पाहिलंच नाही, रस्ता खोदलाय, वळसा घालावा लागेल, जास्त पडतील, असं म्हणाला. नंजुंडय्या पिशवी मांडीवर घेत आत बसले, आणि कोणता रस्ता, कधीपासून खोदलाय, आणि वळसा डावीकडून घेतला तर तो वळसा कसा राहत नाही, हे त्यांनी शांत आवाजात सांगायला सुरुवात केली. सर्वमंगलम्मांनी पाय लांब केले, मान टेकवली आणि बाहेर बघत राहिल्या. त्यांनी नवऱ्याला अडवलं नाही.